लांब डिकीचा सीमाप्रश्न

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला आपलं राज्य कोणतं हे ठरवायला १ नोव्हेंबर १९५६ पासून मुदत मिळालेली आहे आणि ती अजून संपलेली नाही. महाजन आयोग १९६७ साली अहवाल देऊन मोकळा झाला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि आम्ही आहोत तिथेच आहोत. गाडीचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवलेल्या गाडीला फक्त बारा महिने मिळतात. तेवढ्यात तिने नव्या राज्याचा नंबर घ्यायचा, कर भरायचा आणि गप्प बसायचं. मोर्चा नाही, महामेळावा नाही, साक्षीपुरावे नाहीत. माणसांनाही हेच कलम लावलं असतं तर निपाणीपासून काकतीपर्यंत केवढ्या घोषणा वाचल्या असत्या! पण मग आमच्याकडच्या निवडणुका कशावर लढवायच्या, हाही प्रश्नच आहे.

हे कलम आम्हांला पाठ झालं ते काकतीच्या मास्तरांमुळे. मास्तर निवृत्त झाले, हाती चार पैसे आले, आणि या वयात माणसाने तीर्थयात्रेला जावं तर त्यांनी जुनी, नीट ठेवलेली स्टेशन वॅगन शोधायला घेतली. कारण त्यांनी एकदाच आणि स्पष्ट सांगितलं. शेतातली रताळी मार्केट यार्डात न्यायची तर पोतं आडवं मावेल एवढी डिकी पाहिजे. सौंदत्तीच्या जत्रेला जायचं तर पाच माणसं सुखाने बसली पाहिजेत. आणि हल्लीच्या उंच गाड्यांत मास्तरीणबाईंना चढता येत नाही, कारण गुडघे. सेडानच्या डिकीत पोतं वाकतं, उंच गाडीत बायको वाकते, तेव्हा लांब आणि बुटकी गाडी हवी. इतका सरळ विचार करणाऱ्या माणसाला आपल्या देशात गाडी मिळणं कठीणच. कार बाजारात 'वॅगन' एवढा शब्द उच्चारला की समोरचा पोरगा पूर्ण ऐकून न घेता वॅगन आर दाखवायला घेऊन जातो.

स्टेशन वॅगन आपल्याकडे टिकली नाही याचं खापर लोक कंपन्यांवर फोडतात. आमच्या मते दोष शेजाऱ्यांचा. डिकी वेगळी, मागे बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसली की मुलीकडचे लोक चहाबरोबर पोहेही घेतात. छत मागपर्यंत सरळ गेलं की गल्लीतला पहिला माणूस काळजीने विचारतो, "कोण आजारी आहे ओ?" कारण लांब छताची अॅम्बॅसडर त्याने दवाखान्याच्या दारातच पाहिलेली असते. तरी कंपन्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. टाटांनी १९९१ साली सिएरा आणली, पाठोपाठ १९९२ साली एस्टेट: १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, पॉवर विंडो आणि मागे एखादं बिऱ्हाड हलवता येईल एवढी जागा. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची वीकएंड, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी. सगळ्यांचं कौतुक झालं. ही गाडी शेजाऱ्याने घ्यावी, असं प्रत्येकाला मनापासून वाटलं.

इंडिगोची गोष्ट तर सरकारी फाइलीला शोभेल अशी. १९९८च्या इंडिकाला मागे डिकी जोडून २००२ साली इंडिगो झाली. छत मागे ओढून २००४ साली मरिना झाली. मग २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर आला, आणि २००८ साली त्याच इंडिगोची शेपटी छाटून इंडिगो सीएस निघाली. दहा वर्षांत एकाच गाडीला डिकी फुटली, वाढली आणि कापली गेली. राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगाव जिल्ह्यालासुद्धा इतकं हलवलं नव्हतं.

तर अशी गाडी काकतीत बसून शोधायची म्हणजे तीन राज्यांत शोधायची. आमच्याकडे गाडीची जात विचारत नाहीत, पासिंग विचारतात. केए-२२ म्हणजे बेळगाव, केए-२३ चिकोडी, एमएच-०९ कोल्हापूर, आणि जीए म्हणजे चोर्ल्याचा घाट चढून आलेला पाहुणा. गोवा पासिंगला नवी असताना कर कमी पडलेला असतो, म्हणून ती स्वस्त; पण समुद्राची हवा खाल्लेली असल्यामुळे ती वरून बघायची नसते, खालून बघायची असते. कोल्हापूरची गाडी हौशी माणसाची. तिचं इंजिन ऐकू येण्याआधी तिचा साउंड ऐकू येतो. तिला घासाघीस करायचा एक मुहूर्त आमच्याकडचे जाणते लोक सांगतात: १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनापासून बेळगावच्या सुवर्णसौधातलं कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन उठेपर्यंत. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर एमएच नंबरच्या ट्रकांवर दगड पडले, एस.टी. थांबल्या, दोन्हीकडच्या नेत्यांनी टीव्हीवर एकमेकांना बघून घेतलं. अशा दिवसांत एमएच पासिंगची काचसुद्धा नरमाईने बोलते. अर्थात गाडी स्वस्तात घेऊन ती कोगनोळीच्या सीमेवरून आणायची कुणी, हे जाणते लोक सांगत नाहीत.

आणली तरी पुढे एनओसी. आधीच्या आरटीओची ना हरकत, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना हरकत, मग कर्नाटकाचा आजीवन कर. अशा गाडीचं आयुष्य तीस वर्षं उलटून गेलं तरी करवाल्यांना त्यात 'आजीवन' दिसतं, एवढा आशावाद ज्योतिषीही दाखवत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. ती वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून एकदम ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये. म्हणजे गाडी जितकी नीट जपाल तितकी महाग पडेल. चांगली वागणूक आढळल्यास शिक्षा वाढवण्याची ही पद्धत आम्हांला नवी आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही राज्यांनी शहाण्यासारखी केली आहे, म्हणजे दिल्लीने केली आणि यांनी मान्य केली. दुकानाच्या पाटीवर कन्नड ६० टक्के पाहिजे, यावर कर्नाटकाने २०२४ साली कायदा दुरुस्त केला. मराठी पाटीसाठी इकडे डोकी फुटली आहेत. पण गाडीच्या नंबरप्लेटवर कायद्याने अक्षरं इंग्रजीच लागतात आणि आकडेही तेच. शिवाय आता ती हाय सिक्युरिटी प्लेट, काढून दुसरी लावायची सोय नाही. दोन्हीकडचे कार्यकर्ते आपापली इंग्रजी प्लेट लावूनच एकमेकांच्या पाट्यांना डांबर फासायला जातात. या विषयावर संपूर्ण एकमत आहे.

मालकीच्या ट्रान्सफरचा घोळ काकतीला नवा नाही. राणी चन्नम्मांचं हे माहेर. कित्तूरच्या गादीवर दत्तकपुत्राचं नाव चढवायला धारवाडच्या थॅकरे साहेबाने नकार दिला आणि १८२४च्या ऑक्टोबरात त्याचा काय शेवट झाला हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. मास्तरांनी तो धडा वर्षानुवर्षं शिकवला. त्यामुळे एजंट "ट्रान्सफरचा टीटी फॉर्म सही करून ठेवतो ओ, नाव नंतर चढवू" म्हणाला की मास्तरांचा आवाज चढतो. नाव आधी. एजंटाला इतिहास येत नसल्यामुळे तो बिचारा, मास्तर कमिशन कमी करून मागताहेत, असं समजतो.

या बाजाराची भाषा शिकायला मास्तरांना वेळ लागला. 'सिंगल ओनर' म्हणजे कागदावर एकच नाव. चालवली किती जणांनी हा घरगुती प्रश्न. 'डॉक्टरची गाडी' म्हटलं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. जनावरांचे डॉक्टर चिखलातून गोठ्यापर्यंत गाडी नेतात हे कुणी सांगत नाही. 'इंजिन उघडलं नाही' हे अभिमानाने सांगतात, कारण उघडायची हिंमत कुणाची झालेली नसते. आणि मीटर? पंचवीस वर्षांची गाडी आणि रीडिंग ४८,०००. मास्तरांनी विचारलं, एवढी कमी कशी चालली? तर उत्तर आलं, "मालक पायी जात होते ओ."

निपाणीजवळ एक गाडी निघाली तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. मालक तंबाखूच्या व्यापारातले. गाडीत डोकं घातलं तसं मास्तरांना दोन शिंका आल्या. मालकांनी तो शुभशकुन मानला. मागचं दार वर केलं तर वर राहीना, लिफ्टर गेलेले. मालकांनी सरावाने कोपऱ्यातली बांबूची काठी उचलून दाराला टेकू दिला. काठीच्या वरच्या टोकाला फडकं गुंडाळलेलं होतं, काचेवर ओरखडा येऊ नये म्हणून. 'वेल मेंटेन्ड' जे जाहिरातीत लिहिलं होतं ते हेच असावं. मास्तरांनी डिकीतला गालिचा उचलला, त्याखालची फळी उचलली. स्टेपनीच्या खड्ड्यात पावसाचं पाणी आटून बसलेला तांबडा गाळ, त्यात तंबाखूचा चुरा आणि दहा रुपयांचं एक नाणं. मालकांनी नाणं पुसून खिशात टाकलं.

"बाकीचं किरकोळ आहे."

मग बॉनेट. मास्तरांनी ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरी साय आली.

"पाणी मिसळलंय ऑइलात."

"थंडीनं होतंय ओ तसं."

मे महिना होता. मास्तर घाम पुसत मागे आले, रुमालाची घडी उलगडली आणि आतलं लोहचुंबक डाव्या मडगार्डावर ठेवलं. ते रस्त्यावर पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. पत्र्यापेक्षा लांबीच जास्त भरलेली.

"ठोकली होती काय?"

"ठोकली न्हाई. घासली."

"कशाला?"

"ट्रकला."

परत येताना हत्तरगीचा टोल भरेपर्यंत मास्तर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चांगली गाडी विकायला निघतच नाही. ज्याने नीट ठेवली तो विकत नाही आणि जो विकतो त्याने नीट ठेवलेली नसते. एवढ्या बोलण्यावर थांबतील तर ते मास्तर कसले! त्यांनी उलट्या बाजूने शोध सुरू केला: जो विकत नाही तोच माणूस गाठायचा.

बेळगावात असा माणूस कुठे मिळणार हे सांगायला नको. कॅम्पात एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांकडे १९९६ची एस्टेट निघाली, केए-२२. वर झाप, खाली सिमेंटच्या दोन पट्ट्या, चाकांना लाकडी उटी. आत एक वही. त्या वहीत भरलेलं प्रत्येक डिझेल तारखेनिशी, हवेचा दाब चारही चाकांचा वेगळा, आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातल्याच्या नोंदींपुढे सही. मास्तरांनी मागचं दार वर केलं आणि हात सोडला. दार वरच राहिलं. मास्तर बराच वेळ त्या दाराकडे बघत उभे होते. किंमत विचारल्यावर साहेबांना राग आला. आधी मुलाखत.

"कुठे उभी करणार?"

"अंगणात."

"वर छप्पर?"

"आकाश," असं मास्तर म्हणाले नाहीत, पण गप्प राहिले तेच उत्तर झालं.

"धुणार कोण?"

"मीच."

"बरं. मागे काय घालणार?"

इथे मास्तरांनी आयुष्यभर पोरांना शिकवलेली खरं बोलायची सवय आडवी आली. "रताळी," ते म्हणाले.

साहेबांनी वही मिटली. रताळ्याला माती असते, मातीला ओल असते, ओलीने पत्रा जातो. हे त्यांनी तोफखान्याच्या नकाशासारखं टेबलावर मांडून समजावलं. अखेर तह झाला. डिकीत ताडपत्री, पोती धुतलेली, पावसाळ्यात वाहतूक बंद. आणि काकतीत आधी शेड उभी राहील, साहेब स्वतः येऊन ती बघतील, मगच किमतीचं बोलणं.

सध्या मास्तरांच्या अंगणात अँगल उभे झाले आहेत आणि पत्रे यायचे आहेत. शेडचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जाईल असं गवंडी म्हणतो. परवा कुणीतरी येऊन विचारून गेलं, "शेडची एनओसी काढलासा काय ओ?"