पहिल्या सीनच्या मंजुरीबाबत

मालिका लिहायला बसलेल्या माणसाला लिहायचं सोडून बाकी सगळं करावं लागतं, ही माझी मुख्य तक्रार आहे. उपतक्रारी बऱ्याच आहेत, त्या ओघानं येतीलच. तुम्ही चहा घ्या, निवत चाललाय.

पायलट म्हणजे मालिकेचा नमुन्यादाखल लिहिलेला पहिला भाग. तो पाहून वाहिनी ठरवते, की या लोकांना पुढं लिहू द्यायचं की घरी बसवायचं. इथपर्यंत माझी काही हरकत नाही. मी अमरावतीचा, माझा जोडीदार अकोल्याचा, आणि दोघांचंही आयुष्य सरकारी नोकरीत गेलेलं. नमुना, छाननी, त्रुटीपूर्तता, फेरसादर हे शब्द आम्हाला पाठ आहेत. पण इथं त्या पहिल्या भागाच्याही आधी एक ओळ मागतात. ओळ दिली की दोन पानांची कन्सेप्ट नोट. ती दिली की पात्रांची ओळख. मग 'बायबल' नावाचं एक प्रकरण, ज्यात मालिका दोन वर्षांनी कुठं असेल ते आजच लिहून द्यायचं. मग सुरुवातीच्या भागांची रूपरेषा. हे सगळं मंजूर झालं तर पहिला सीन. आमच्या खात्यात प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता अशा दोनच पायऱ्या होत्या. आणि नाली बांधायला घेतली तर तिचा पाचशेवा मीटर भावनिकदृष्ट्या कुठं पोचणार, असं तरी कुणी विचारत नव्हतं.

त्या एका ओळीचंच घ्या. वऱ्हाडातल्या माणसाला 'एका ओळीत सांगा' म्हणणं हाच मुळात अन्याय. आमच्याकडं कुणी बाजारातून मेथीची जुडी आणली, तरी ती हकीकत वाटेत कोण कोण भेटलं इथून सुरू होते. जोडीदारानं लिहिलं, 'एका बाईची गोष्ट.' मी म्हटलं, आखूड झाली. मग मी लिहिली: जिनिंग फॅक्टरीत हिशेब ठेवणारी बाई, तिच्या हाती लागलेली मालकाची दुसरी वही, गावातले देणेकरी, धाकटा दीर, सगळं आलं. दीड पान झालं खरं, पण पूर्णविराम एकच होता. सबब ती नियमानं ओळच होती. वाहिनीकडच्या मुलीनं फोनवर विचारलं, "सर, यात हुक कुठाय?" मी म्हटलं, पान एकच्या तळाशी, स्वल्पविरामानंतर.

मला यात स्थानिक अन्यायही दिसतो. मराठीतलं आद्य गद्य मानतात ते 'लीळाचरित्र' आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात झालं. म्हाइंभट गावोगाव फिरले, चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठलं, विचारलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं आणि लिहिलं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. म्हणजे आजच्या हिशेबानं तीन सीझन, आणि एकेक लीळा म्हणजे सरळ एकेक एपिसोड. आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही आहे. म्हाइंभटांना कुणी हुक विचारल्याची नोंद नाही. मी जोडीदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्याईले टीआरपीचं भेव नव्हतं नं, राजा." टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. आमची अजून एक ओळ आली नाही आणि हा गुरुवारला घाबरतो.

आता मूळ दुखण्याकडं येतो. पटकथेची पुस्तकं वाचायला लागलं की सगळीकडं एकच उपदेश. सिड फील्डचं 1979 सालचं पुस्तक म्हणतं, पहिल्या दहा पानांत माणूस धरून ठेवा. ते सिनेमासाठी आहे. मालिकेवाले दहा मिनिटंही देत नाहीत, जाहिरातीच्या आधीच काहीतरी फुटलं पाहिजे. आणि सगळ्यांचा लाडका नियम असा, की सीनमध्ये उशिरा शिरा आणि लवकर बाहेर पडा. नियम करणारे लोक वऱ्हाडात कधी पाहुणे म्हणून आलेले नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आमचा पहिला सीन साधा होता. नायिका पिशवीत ती वही घालून मालकाच्या घरी येते आणि ती त्याच्या पुढ्यात टाकते. लिहायला बसलो. ती दारात आली. आता तिला "या बापा, बसा" म्हणावं लागलं. मग पाणी. पाणी दिल्याशिवाय आमच्याकडं वैऱ्यालाही बोलू देत नाहीत. मग पुढं:

"कव्हा आल्या?"

"आताच."

"भाऊ बरे हायेत?"

"हायेत."

"अन् पाऊस?"

"कुठचा पाऊस!"

यातला एक शब्द काढून दाखवा. मग चहा. ती नको म्हणते, मालकीण अर्धा कप म्हणते, ती पुन्हा नको म्हणते, चहा येतो. सोबत कच्चा चिवडा येतो. चौथं पान संपलं तरी वही पिशवीतच होती. जोडीदारानं सुचवलं, वही टाकूनच सीन सुरू करू. करून पाहिलं. वाचणाऱ्या प्रत्येकानं एकच विचारलं, की ती बाई पाणी न पिता एकदम कशी बोलली, बाईला काही वळण आहे की नाही. नायिकेविषयी पहिल्याच मिनिटाला असं मत झालं तर पुढं तिच्यासाठी कोण रडणार?

लवकर बाहेर पडण्याचं तर त्याहून कठीण. आमच्याकडं माणूस "येतो मग" म्हणून उठतो, तेव्हा फक्त बैठकीतून व्हरांड्यात जातो. तिथून अंगणात. तिथून फाटकापाशी. ज्या कामासाठी तो आला होता ते काम तो फाटकाशी, एक पाय चपलेत घालून, काढतो. सोयरिकी, उसनवारी, भावाभावांच्या वाटण्या, सगळं वऱ्हाडात फाटकाशी ठरलेलं आहे. लवकर बाहेर पडलं तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच सीन संपतो. हे मी वाहिनीला लेखी कळवलं. उत्तर आलं, 'नोटेड.' माझ्या नोकरीच्या काळात आम्ही याच अर्थानं 'नोंद घेतली' लिहायचो. आज ते आमच्यावरच उलटलं.

मांडणीचाही एक नियम आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. अर्ध्या तासाच्या जागेतून जाहिराती वजा केल्या की बावीसेक मिनिटं उरतात, तेवढी पानं. पण हा हिशेब इंग्रजी टाइपरायटरच्या बारा पॉइंटच्या कुरियर अक्षरावर बेतलेला आहे. त्या अक्षराला वेलांटी नाही, रफार नाही, खाली लोंबणारा उकार नाही. देवनागरीचं पान किती मिनिटांचं, हे कुणी सांगत नाही. आणि टाइप करून घेतलेली फाइल समोरच्याकडं भलत्याच फॉन्टमध्ये उघडली, की आमची नायिका नुसत्या उद्गारचिन्हांत आणि चौकोनांत रडते. तेवढाच प्रसंग वाहिनीला भिडला, असं त्या मुलीच्या बोलण्यावरून वाटलं.

बरं, प्रत्येक सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, दिवस की रात्र, हे लिहायचं असतं. लिहा म्हणावं. गोष्ट मे महिन्यात घडते, कारण पेरणीच्या आधीच देणेकरी दारात येतात. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढं जातो, तेव्हा 'बाहेर, दिवस' या सीनमध्ये कोण असणार? गांधी रोडवर दुपारी दोनला फक्त कूलरच्या ताट्या बदलणारा दिसतो. त्याला नायक करा, असं मी गंभीरपणे सुचवलं होतं. म्हणून सगळे सीन आत घेतले. आत कूलर. कूलर सुरू असला की हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि बंद केला तर तिथं कुणी बसत नाही. परिणामी आमच्या पायलटमध्ये नायिकेचा दीर जे आयुष्यभर मनात ठेवणार होता, ते त्याला ओरडून सांगावं लागतं. शेजारच्या घरातून उत्तर येतं.

यावर लोक हसतात, आणि हीच माझी पुढची तक्रार आहे. वऱ्हाडी बोललं की ऐकणारा आधी हसायची तयारी करतो. हा दोष आमचे अभिनेते भारत गणेशपुरे यांचा नाही. त्यांनी ती बोली घराघरांत नेली आणि त्याबद्दल अमरावती त्यांची ऋणी आहे. पण 1960 साली उद्धव शेळक्यांनी 'धग' ही कादंबरी लिहिली. त्यातली कौतिक संपूर्ण वऱ्हाडीत बोलते, आणि तिच्या एका वाक्यावर कुणी हसून दाखवावं. अमरावतीच्या सायकलरिक्षावाल्यावर मनोहर तल्हारांनी 'माणूस' लिहिली, तीही करमणुकीसाठी नव्हे. पुस्तकात चालतं ते पडद्यावर का अडतं? मालवणीला 'रात्रीस खेळ चाले' मिळाली. कोल्हापूरला 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याला 'लागिरं झालं जी'. आम्हाला काय, तर 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका. तीही नागपूरची, आणि आम्ही तिची ओळख करून घेईपर्यंत ती लग्न होऊन विदर्भाबाहेर गेलेली. विभागनिहाय समतोल, अनुशेष वगैरे शब्द आम्ही सिंचनासाठी वापरले. मालिकांचा अनुशेष काढायला समिती नेमल्याचं माझ्या वाचनात नाही.

तर अशी परिस्थिती असताना आम्ही दोघांनी तरी एकदिलानं काम करायला हवं होतं. पण पहिला सीन कुठं घडतो, हा प्रश्न आला. मी सहज अमरावती लिहिलं होतं. विभागाचं मुख्यालय, अंबादेवी, राजकमल चौक, सुरेश भटांचं जन्मगाव. सुरुवात आणखी कुठून करणार? जोडीदार म्हणाला, "काहून? कापसाचा बाजार अकोल्याचा, कृषी विद्यापीठ अकोल्याले, गाडी मेन लाइनवर अकोल्याले थांबते. तुमच्याकडं तं बडनेऱ्याले उतरा लागते." मी बडनेऱ्याचा मुद्दा वैयक्तिक घेतला. मी म्हटलं, आमच्याकडं गिला वडा मिळतो. यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतं, म्हणून त्यानं विठ्ठल वाघांचं नाव काढलं. कवी मध्ये आणल्यावर बोलणी तहकूब करावी लागली.

दरम्यान घरात वेगळंच सुरू होतं. 2022 च्या जूनमध्ये अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. हे कात्रण बायकोनं जपून ठेवलेलं आहे. मी वही उघडली की ती ते टेबलावर ठेवते, बोलत काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या रस्त्याला कुणी दोन्ही टोकांना भांडत बसलेलं नव्हतं.

शेवटी तोडगा म्हणून पहिला सीन मूर्तिजापूरला नेला. दोन्ही शहरांच्या मध्ये, रेल्वेचं जंक्शन, शकुंतला या छोट्या गाडीचं गाव. कुणालाही आनंद झाला नाही, म्हणजे तोडगा न्याय्य असला पाहिजे. पायलट पाठवला.

वाहिनीचे दोन आक्षेप आले. पहिला, गोष्ट चांगली आहे, पण ती सातारा साइडला घडू शकेल का. दुसरा, घरात जिना नाही. नायिका पहिल्यांदा दिसते तेव्हा ती जिन्यावरून उतरली पाहिजे, असा प्रघात आहे म्हणे. 1984 साली मनोहर श्याम जोशींनी 'हम लोग' लिहिली, ती साध्या निम्न मध्यमवर्गीय घरावर. सरकारला त्यातून कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायचा होता. लोकांना संदेश नको होता, घर हवं होतं. संदेश मागं पडला, घर दीडशेच्या वर भाग चाललं. त्या घरात कोण कुठून उतरतं याची देशानं चौकशी केली नाही. आणि आमच्या वऱ्हाडात जिना असतो तो घराच्या बाहेरून, सिमेंटचा नाहीतर लोखंडी, सरळ गच्चीवर जाणारा. त्यावरून बाई उतरली तर तिच्या हातात वाळलेल्या कुरडया असतात. मी तसं लिहून पाठवलं. 'नोटेड' आलं.

साताऱ्याच्या आक्षेपावर आमचा पत्रव्यवहार सुरू आहे. जिन्यापुरती मात्र आम्ही माघार घेतली आहे. सबब वाचकांना विनंती, की अमरावती ते अकोला या पट्ट्यात, शक्यतो मूर्तिजापूरच्या आसपास, कुणाच्या बैठकीतून आतल्या आत जिना वर जात असेल तर कळवावं. लाकडी असल्यास प्राधान्य. नायिका दिवसातून एकदाच उतरेल, तीही सकाळी दहाच्या आत. त्या वेळेपुरता कूलर बंद ठेवावा लागेल. भाडं देता येणार नाही. सदर घर मालिकेत साताऱ्याचं म्हणून दाखवलं जाण्याची शक्यता आहे, त्याबद्दल नंतर कोणतीही हरकत विचारात घेतली जाणार नाही.