मॅनेजरसाहेब, तीन हिशेब तीन कागदांवर लिहा

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
चारचाकी वाहनांचं शोरूम,
जि. बीड.

साहेब,

माझ्या चुलत्यांना तुम्ही लुबाडलंत. ते चारचौघांत सांगायला हे पत्र लिहितो आहे. शोरूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे म्हणतील, तो एकटाच तसला. आम्ही धुतल्या तांदळाचे. हा धंदा तुमच्या एकट्याच्या केबिनमध्ये चालत नाही, म्हणून ज्याला लागू पडेल त्यानं हे पत्र आपलं समजावं.

आमचे तात्या गेवराई तालुक्यातले शेतकरी. कापूस आणि थोडा ऊस. त्यांची जुनी गाडी पेट्रोलची, एमएच २३ पासिंगची, पहिल्यापासून एकाच हातातली. सर्व्हिसिंगचं एकूण एक बिल त्यांनी बियाण्याच्या दुकानातल्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं. काकूंना तपासण्यांसाठी वरचेवर संभाजीनगरला न्यावं लागतं, म्हणून उसाचं बिल आल्यावर नवी गाडी घ्यायचं ठरलं. तात्यांनी ती पिशवी तुमच्या टेबलावर ठेवली. तुम्ही ती उघडूनसुद्धा पाहिली नाहीत. ब्रोशर उलटं केलंत, मागच्या कोऱ्या जागेत निळ्या पेनानं ‘५,८५,०००’ लिहिलंत, त्याला गोल केलात आणि म्हणालात, “तात्या, जुनी गाडी द्या, वर एवढे भरा. सगळं मिळून. पाडव्याला डिलिव्हरी पाहिजे तर आजच सही करा.”

तुमची चोरी त्या गोलात आहे. नव्या गाडीची किंमत, जुन्या गाडीचं मोल आणि कर्ज हे तीन वेगळे व्यवहार आहेत. तुम्ही ते एका आकड्यात कालवता. गिऱ्हाइकानं नव्या गाडीवर सूट मागितली की जुनीचा भाव उतरतो. जुनीसाठी ताणून धरलं की ॲक्सेसरीजची किट येऊन बसते. दोन्हीकडून अडलं की तुम्ही हप्त्यावर येता, “महिन्याला किती झेपतील तेवढं सांगा.” हिशेब उलगडेपर्यंत माणसाची सही झालेली असते.

आता तो आकडा मी उलगडून दाखवतो.

फोनवर तुमच्या माणसानं जुन्या गाडीचे २,४०,००० सांगितले होते. शोरूमला आल्यावर तुम्ही म्हणालात की जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ४३,२०० कापलेत. साहेब, हे धडधडीत खोटं आहे. २१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत जुन्या गाड्यांवरचा दर १८ टक्के ठरला, तो व्यापाऱ्याच्या मार्जिनवर. तुम्ही गाडी २,४०,००० ला घेऊन २,९०,००० ला विकलीत तर कर मधल्या ५०,००० वर, म्हणजे ९,००० रुपये, आणि तो तुमच्या नफ्यावरचा. स्वतःच्या वापरातली गाडी विकणाऱ्या शेतकऱ्याच्या किमतीतून तो कापायचा काहीच संबंध नाही.

पुढे एचएसआरपी नंबर प्लेट नाही म्हणून ५,००० गेले. महाराष्ट्रात जुन्या चारचाकीच्या या प्लेटचा ठरलेला दर ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी आहे. आरसी नावावर करायच्या खर्चाचे ६,००० गेले. वरचे आठशे ‘सोडा’ म्हणालात. राहिले १,८५,०००. त्यात २५,००० एक्सचेंज बोनस मिळवून तुम्ही २,१०,००० केलेत आणि वर ऐकवलंत, “तात्या, तुमच्याकडं बघून दिलं.” तो बोनस कंपनीचा. त्या महिन्यात जुनी गाडी देणाऱ्या कुणालाही तो मिळत होता. तुम्ही गाडीचे दिलेत ते १,८५,०००. बीडमधल्या एका दलालानं याच गाडीचे रोख २,२५,००० देऊ केले होते. त्याला दिली असती तर बोनस बुडूनही तात्यांच्या हातात १५,००० जास्त आले असते.

आता नवी गाडी. एक्स-शोरूम ६,५०,०००. पेट्रोलच्या दहा लाखांच्या आतल्या गाडीला महाराष्ट्रात एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे ७१,५००. इथवर माझी तक्रार नाही. पण किमतीबद्दल बोलताना तुम्ही ‘खास पाडव्याची कपात’ म्हणून जी दाखवलीत, ती सरकारनं केलेली कपात होती. छोट्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथं १८ टक्के आहे. सरकारनं सोडलेला कर स्वतःची सूट म्हणून तुम्ही शेतकऱ्यावर उपकारासारखा चढवलात.

त्यानंतर १८,००० ची ॲक्सेसरीज किट, जी तात्यांनी मागितलीच नव्हती. १४,००० ची वाढीव वॉरंटी, जिच्याबद्दल त्यांना घरी गेल्यावर कळलं. ७,५०० हँडलिंग चार्ज. गाडी विकणं हा तुमचा धंदा. ती यार्डातून दारात आणण्याचे पैसे गिऱ्हाइकानं कशाबद्दल द्यायचे?

विम्याचे ३४,०००. “विमा इथलाच घ्यावा लागतो, नाहीतर डिलिव्हरीला वेळ लागेल,” असं तुम्ही सांगितलंत. विमा कुठल्या कंपनीचा आणि कुणाकडून घ्यायचा, हे ठरवायचा हक्क गाडीमालकाचा आहे. त्याहून वाईट गोष्ट तुम्ही बोललाच नाहीत. तात्यांनी सलग पाच वर्षं एकही क्लेम केला नव्हता. त्यावर मिळणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि जुनी गाडी विकली की तो नव्या गाडीवर नेता येतो. पाच वर्षांनंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात तो निम्मी सूट देतो. तात्यांच्या पॉलिसीत तो हप्ता १४,००० लागला. ७,००० सुटले असते. रोज गाड्या विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसतं, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं मिळवलं की ७,९५,००० होतात. २,१०,००० वजा, राहिले तुमच्या गोलातले ५,८५,०००. तात्यांनी ८५,००० रोख भरले आणि ५,००,००० चं कर्ज घेतलं. फायनान्सच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, “फक्त सात टक्के.” पाच वर्षं, हप्ता ११,२५०. हे सात टक्के फ्लॅट होते. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, तरी व्याज शेवटपर्यंत पुऱ्या पाच लाखांवर धरलेलं. घटत्या मुद्दलावर हाच दर साडेबारा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाचं की फॅक्ट स्टेटमेंट कर्जदाराला आधी द्यावं लागतं, त्यात वर्षाचा खरा दर लिहावा लागतो, आणि ते त्याला समजेल अशा भाषेत असावं लागतं. तात्यांना मिळाला एक ओटीपी. तो त्यांनी त्या पोराला वाचून दाखवला आणि कर्ज झालं.

पैसे गेले ते एकवेळ सोसता येतील. पण पुढं जे केलंत त्यानं आमच्या घराची झोप उडाली आहे. फॉर्म २९ आणि ३० वर तुम्ही तात्यांच्या कोऱ्या सह्या घेतल्यात, आरसी आणि चावी ठेवून घेतलीत, आणि त्यांच्या हातात काही दिलं नाहीत. पाडवा होऊन गेल्यावर त्यांच्या मोबाईलवर चलनाचा मेसेज आला. धुळे-सोलापूर महामार्गावर वेगाची मर्यादा ओलांडली म्हणून. गाडी त्यांच्या नावावर, चालवणारा कोण ते त्यांना ठाऊक नाही. तात्यांनी तुम्हाला फोन केला, तर उत्तर मिळालं, “होईल ट्रान्सफर, चलन भरून टाका.” फोन ठेवल्यावर तात्या मला म्हणाले, “आन् उद्या त्यानं कुणाला उडवलं तर?”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात देऊन ठेवलं आहे. गाडी हातोहात पुढं विकली गेली, पण आरटीओच्या नोंदीत नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईला नोंदीतला मालकच जबाबदार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं विकणाऱ्यानं १४ दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून तर जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. अधिकृत डीलरकडं गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९ सी वर द्यायची, आणि तिथून पुढं त्या गाडीची जबाबदारी डीलरची. एक फॉर्म भरला असता तर आज तात्या निर्धास्त असते. तुम्ही तो भरला नाहीत, कारण मधल्या मध्ये गाडी फिरवायची तर तुमचं नाव कुठंच येता कामा नये.

भाव करायला आमची ना नाही. आमचा जिल्हा घासाघीस करणारा आहे. नेकनूरच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बैलाचा भाव ठरवतात. भोवती उभ्या असलेल्यांना तो कळत नाही, पण घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्याही बोटांना तो पक्का कळलेला असतो. तुमच्या केबिनमध्ये काचेचं टेबल आहे, एसी आहे, भिंतीवर कंपनीची प्रमाणपत्रं आहेत, आणि भाव एकट्या तुम्हालाच माहीत असतो.

मी जाब विचारायला आलो तेव्हा तुम्ही ‘कंपनीची पॉलिसी’ म्हणून वर बोट दाखवलंत. ते बोट खाली घ्या. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल सांगून २००९ ची गाडी दिली गेली होती. २०२१ मध्ये त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उत्पादक कंपनीला मोकळं केलं. कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र धन्यांमधला असतो, आणि डीलरनं परस्पर केलेल्या गोष्टी कंपनीला ठाऊक होत्या असं दिसलं नाही, म्हणून. तुमच्या टेबलावर जे होतं ते तुमचं आहे.

तुमच्याकडं काम करणाऱ्या पोरांबद्दलही बोलायचं आहे. तीही इथल्याच वाड्या-वस्त्यांवरची. कुणाचे आई-बाप दरसाल मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला की पुढं काय होतं, हे त्या पोरांनी घरात पाहिलेलं आहे. शिकून, टाय बांधून ती शोरूममध्ये उभी राहिली, आणि तुम्ही त्यांना महिनाअखेरीच्या टार्गेटसाठी दुसऱ्या शेतकऱ्याकडून कोऱ्या सह्या घ्यायला लावता. मला त्यांचा राग येत नाही. राग तुमचा येतो, कारण हा धडा त्यांना तुम्ही दिलात.

गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं एकच आहे. तीन कागद मागा. एकावर नव्या गाडीची किंमत, कर, विमा आणि प्रत्येक जोडखर्च वेगळा. दुसऱ्यावर फक्त जुन्या गाडीचं मोल, बोनस धरू नका. तिसऱ्यावर कर्जाचा खरा वार्षिक दर. जुन्या गाडीची चावी देताना ताबा घेतल्याचा तारीख, वेळ आणि शिक्का असलेला कागद घ्या. आधी दलालाकडून भाव काढा, मग शोरूमला जा. हप्त्याची गोष्ट सगळ्यात शेवटी काढा. कागद द्यायला नकार आला तर उठा. संभाजीनगर आणि अहिल्यानगर लांब आहेत, पण पाच वर्षांच्या हप्त्यापुढं ते अंतर काहीच नाही.

आणि साहेब, तुमच्यासाठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार दाखल होते. तात्यांच्या खरेदीएवढ्या रकमेला फी २०० रुपये आहे, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. ब्रोशरवरचा तुमचा आकडा, चलनाचा मेसेज आणि सर्व्हिसिंगच्या बिलांची ती पिशवी, सगळं मी जपून ठेवलं आहे. जीएसटीच्या नावानं कापलेले ४३,२००, न मागितलेल्या किटचे आणि वॉरंटीचे पैसे आणि हँडलिंग चार्ज परत करा, ही मागणी लेखी तुमच्याकडं आलेलीच आहे. पण पैशाच्या आधी एक काम करा. तात्यांची जुनी गाडी आज ज्याच्या हातात आहे त्याच्या नावावर करून द्या. तिचा अपघात झाला तर ज्या माणसाला नोटीस येईल त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडं काही केलेलं नाही.

तात्यांचा पुतण्या,
गेवराई तालुका, जि. बीड