छुट्टी नामंजूर, तारीख मंजूर

जय जवान. ट्रकच्या मागे, शाळेच्या भिंतीवर, पंधरा ऑगस्टच्या भाषणात. कौटुंबिक न्यायालयाच्या पुकाऱ्यात मात्र ‘जाबदार गैरहजर’.

समजा, कराडकडचा एक नायक आहे. पलटण लडाखात, बायको माहेरी. संसार मोबाइलवर आणि मोबाइलला रेंज नाही. एक दिवस सीओ साहेबांच्या ऑफिसातून बोलावणं येतं. बढती?

समन्स.

नियमच तसा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. जाबदार फौजी असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं, असं ती सांगते. म्हणजे बायकोचं म्हणणं नवऱ्याच्या आधी साहेबांना कळणार. साहेबांच्या आधी क्लार्कला. आणि क्लार्कला कळलं म्हणजे लंगरला कळलं.

आता हजर व्हायचं. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा. हिशेबानं तीन महिने. छुट्टी मिळते पलटणीच्या सोयीनं, तारीख पडते कोर्टाच्या सोयीनं. या दोघांची पत्रिका जुळवणारा भटजी अजून जन्मायचाय.

समजा जुळली. चौकीवरून खाली उतरा, लेह गाठा. हवामान बिघडलं तर विमानाची वाट बघत बसा. मग दिल्ली, मग रेल्वे, मग एसटी. इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात पोचावं, तर न्यायाधीश रजेवर. त्यांची मंजूर झालेली असते.

पुढची तारीख दोन महिन्यांनी.

मग फौजींसाठी कायदाच नाही की काय? आहे की. इंग्रजांनी १९२५ सालीच ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट’ करून ठेवलाय. सैनिक युद्धावर किंवा विशेष परिस्थितीत तैनात असेल आणि कोर्टात त्याची बाजू मांडायला कुणी नसेल, तर दावा थांबवण्याची सोय त्यात आहे. त्याच्या पाठीमागे हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून मागण्याचीही आहे. कायद्याला शंभर वर्षं उलटली. बाररूममध्ये तो अजून ताजी बातमी म्हणून खपेल.

स्वतंत्र भारतही मागे राहिला नाही. १९५० च्या सेना कायद्याचं कलम ३२ पाहा. दाव्यासाठी मागितलेल्या किंवा मिळालेल्या रजेचा लष्करी दाखला कोर्टात दिला, तर त्या रजेतच सुनावणी आणि निकाल उरकायचा. अर्जाला फी नाही. जमत नसेल तर कोर्टानं कारण लिहून ठेवायचं. किती सुंदर! फक्त मधे दोन शब्द आहेत: ‘शक्य तितपत’.

आपल्याकडे काय काय शक्य नसतं, हे वाचकांना सांगायला हवं का?

रजाच मिळाली नाही तर? त्यावरही तोडगा आहे, तोही १९०८ चा. फौजीनं लेखी अधिकार द्यावा आणि आपल्या वतीनं दुसऱ्याला दावा लढवू द्यावा. हा दुसरा बहुधा कोण? वडील. ज्यांच्या घरात सुनेचं पटलं नाही, तेच आता मुलाच्या वतीनं सुनेशी भांडणार. अधिकृतपणे.

खटला चालवायचा कुठे, हीसुद्धा मौजच. लग्न जिथे झालं तिथे, दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिले तिथे किंवा जाबदार जिथे राहतो तिथे. २००३ पासून बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथेही. लग्न कराडात, शेवटचं क्वार्टर दुसऱ्याच राज्यातल्या छावणीत, बायको पुण्यात. नकाशात सगळं आहे, नवरा सोडून.

भाषणात सीमेवरची दोन वर्षं म्हणजे त्याग. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्येही जोडीदाराचा सलग दोन वर्षं त्याग हे घटस्फोटाचं कारण आहे. ड्यूटी हा त्या कलमातला त्याग नव्हे, तिथे सोडून जायचा इरादा लागतो. पण इरादा नव्हता हे सांगायला कोर्टात हजर राहावं लागतं. म्हणजे ड्यूटी सोडून.

बरं, दोघांचंही ठरलंय, शांतपणे वेगळं व्हायचंय. मग सोपं? परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबा. रजा ६० दिवसांची, फेरविचाराची मुदत १८० दिवसांची. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की ही मुदत पाळलीच पाहिजे असं नाही, कोर्ट ती माफ करू शकतं. त्यासाठी काय करायचं? आणखी एक अर्ज.

व्हिडिओवर का नाही होत हे सगळं? चांगला प्रश्न. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच वैवाहिक दाव्यांसाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची वाट दाखवली. ऑक्टोबरात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं दोन विरुद्ध एक मतानं ती अरुंद केली. आधी समेटाचा प्रयत्न फसू द्या, मग दोघांनी मिळून मागा. म्हणजे ज्या दोघांचं कशावरच एकमत नाही, त्यांनी कॅमेऱ्यावर एकमत करायचं. पुढे २०२० मध्ये करोना आला आणि सगळ्या देशाची न्यायालयं व्हिडिओवर गेली. जवानाची अडचण पुरेशी नव्हती, विषाणूची पुरली.

टाळ्या थांबवा. तिचंही ऐका.

दावा थांबला की तिचंही आयुष्य थांबतं. नवरा हिमालयात आणि ती कोर्टाच्या बाकावर, दर तारखेला, मूल कडेवर घेऊन. त्याच्या थांबण्याला संरक्षण म्हणतात. तिच्या थांबण्याला नाव नाही.

पोटगीचं काय? फौजीचा पगार दिवाणी कोर्टाला जप्त करता येत नाही, सेना कायदा, कलम २८. मात्र बायको-मुलांच्या पोटगीसाठी लष्कराचा अधिकृत अधिकारी पगारातून कपात करू शकतो. ही सोय तिला कोण सांगतं? शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी. कायदा प्रसाराचं देशातलं सर्वांत भरवशाचं खातं.

पण अर्ज जपून लिहा हं. २०२१ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नवऱ्याची कारकीर्द आणि अब्रू धुळीला मिळवणाऱ्या तक्रारी वरिष्ठांकडे करणं ही मानसिक क्रूरता. बरोबरच आहे. पोटगीचा साधा अर्ज म्हणजे बदनामी नव्हे, हेही तितकंच बरोबर. दोन्हींवर पत्ता मात्र एकच असतो.

आणि प्रेम? त्याचीही शिस्त आहे. व्यभिचार हा गुन्हा नाही, असं २०१८ मध्ये ठरलं. तुम्हाआम्हाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सैन्यदलांची शिस्तभंगाची कारवाई त्यामुळे अडत नाही. बाकी देशात जे खासगी, ते पलटणीत चौकशीचा विषय.

आता सगळ्यात बोचरी गोष्ट. हुकूमनामा हातात पडला की संपलं, असं ज्याला वाटतं त्यानं फौजेतला कागद पाहिलेला नाही. घटस्फोटाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या सेवानोंदीत, व्हावी लागते. ती राहिली तर कागदावर संसार सुखाचा चालू. आणि दावा प्रलंबित असतानाच जवान धारातीर्थी पडला तर? कायद्याच्या लेखी ती त्याची पत्नीच. काल कोर्टात समोरासमोर, आज तिरंगा तिच्या हातात. गावात कुजबूज तिच्या नावानं होते, रखडलेल्या दाव्याच्या नावानं कधीच नाही.

२६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. जिल्हा सैनिक कार्यालयातून कायद्याची मदत मिळावी, अशी कल्पना. छान. १९२५ चा कायदा, २०२५ ची योजना. शतकात एकदा आठवण येते, हेही नसे थोडके.

तोवर कामाचं तेवढं सांगतो. जवानानं छुट्टीचा अर्ज टाकतानाच लष्करी दाखला मागावा. त्यावर रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि दाव्याचं वर्णन हवं. तो कलम ३२ च्या अर्जाला लावून पहिल्याच तारखेला द्यावा. तिनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं.

आणि वकील म्हणाला, ‘असलं काही कलम नसतं हो,’ तर सरळ वकील बदला.

त्यासाठी सहा महिने थांबावं लागत नाही.