अमरावती ते अकोला, व्हाया अहमदाबाद

वऱ्हाडी माणसाला क्रिकेटची धाकधूक कधीच होत नाही. तो फक्त ‘किती झाले?’ म्हणून विचारतो आणि उत्तर यायच्या आत खिडकीबाहेर पाहायला लागतो. दोन मिनिटांनी पुन्हा विचारतो.

३ जून २०२५ च्या रात्री अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एस.टी.त अशी बेफिकीर माणसं खच्चून भरली होती. तिकडे अहमदाबादेत आयपीएलची फायनल रंगलेली, बंगलोर विरुद्ध पंजाब. आमची गाडी स्टँडातून निघायला आणि जितेश शर्मा बॅटिंगला यायला एकच गाठ पडली.

जितेश अमरावतीचा. म्हणून बंगलोर आपलं. आदल्या वर्षापर्यंत तो पंजाबकडून खेळायचा, तेव्हा पंजाब आपलं होतं. बंगलोरवाल्यांनी ११ कोटी मोजून त्याला नेला आणि आम्ही सगळ्यांनी एका रात्रीत पक्ष बदलला. यावरून कुणी नावं ठेवू नयेत; महाराष्ट्रात तसा रिवाजच आहे.

आठवड्यापूर्वी लखनौमध्ये त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकले होते आणि २२८ चं लक्ष्य बंगलोरनं आठ चेंडू राखून गाठलं होतं. त्यात ४९ वर असताना गडी उलटा फटका मारून झेलबाद झाला, मी टीव्ही बंद करायला उठलो, तर तो नो-बॉल निघाला! पुढच्याच चेंडूवर छक्का. तेव्हापासून आमच्या घरात नो-बॉलला कुलदैवताच्या खालोखाल मान आहे.

समोरच्या सीटवरच्या पोट्ट्याकडे मोबाइल होता. त्याच्या खांद्यावरून आठ-दहा मुंडकी वाकलेली. बडनेरा येईस्तोवर जितेशनं दोन चौके, दोन छक्के हाणले, आणि दहा चेंडूंत २४ करून परतला. शेजारचे काका अकोल्याचे. त्यांनी संधी सोडली नाही.

‘‘चोवीसच? आमचा अथर्व तायडे असता तं शेवटलोक उभा राह्यला असता.’’

‘‘काका, पण तो या मॅचमध्ये नाहीच.’’

‘‘म्हनूनच तं म्हनून राह्यलो! अन् आमचा आदित्य ठाकरे? पह्यलीच मॅच थेट रणजीची फायनल, इंदूरले. हाय तुमच्याकडं कोनी असा?’’

मी गप्प बसलो. त्या रणजीचा विषय निघाला की मला अजून धाप लागते. २०१७ ची ती कोलकात्याची सेमीफायनल! विदर्भानं कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं, दुसऱ्या डावात एकट्या रजनीश गुरबानीनं सात जण काढले, आणि आमच्यासारख्यांची कितीतरी नखं त्यात खर्ची पडली.

इकडे शेवटच्या षटकात अर्शदीपनं तीन धावांत तीन गडी गुंडाळले. बंगलोर १९० वर थांबलं. ‘‘कमी पडतात आता,’’ असा निकाल सगळ्या गाडीनं एकमुखानं दिला, म्हणजे जिंकलो तर आश्चर्य वाटायची सोय झाली.

पुढचा लोणी ते मानाचा रस्ता विश्वविक्रमी. २०२२ साली याच ३ जूनला काम सुरू झालं आणि १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर पडून गिनीज बुकात नोंद झाली. बंगलोरचं मात्र अठरावं वर्ष चालू होतं. २००९, २०११, २०१६, तीन फायनली हरून झालेल्या. ज्याचं त्याचं कंत्राट!

‘‘कायचे पंच्याहत्तर?’’ काका खेकसले. ‘‘अबे, थे एका लेनचे. दोन लेननं मोज, साडेसदतीस भरतात.’’

अकोल्याच्या माणसाला विक्रम दाखवू नये.

मूर्तिजापूर स्टँडात काकांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तेवढ्यात श्रेयस अय्यर एका धावेवर गेला. झेल कुणाचा? यष्टीमागे जितेशचा! गाडीत असा गलका झाला की खालचा चहावाला कप घेऊन पळत आला. गलका निवल्यावर सगळ्यांच्या नजरा काकांच्या बाटलीवर स्थिरावल्या.

‘‘काका, पेत राहा.’’

‘‘तहान नाई लागली गा मले.’’

‘‘तहानीचा प्रश्नच नाही काका. विकेट पाहिजे.’’

काका पीत राहिले. काटेपूर्णेच्या अलीकडे मोबाइलची रेंज गेली, तरी पीत राहिले. न दिसणाऱ्या चेंडूवरही गडी पडू शकतो, हे कंडक्टरचं म्हणणं. एक बाटली संपली, मागून दुसरी आली. रेंज परतली तेव्हा पंजाबचे आणखी गडी गेले होते. काकांचा भाव वधारला. चेहरा मात्र उतरत चालला होता. बोरगाव मंजू गेल्यावर त्यांनी दबक्या आवाजात ‘‘गाडी थांबते का कुठी?’’ असं विचारलं आणि उभ्या असलेल्या बायासुद्धा एकदम म्हणाल्या, ‘‘हलू नका!’’

अकोला आलं. गाडी स्टँडात लागली, दार उघडलं, पण कुणी उतरेना. शेवटचं षटक. सहा चेंडू, २९ धावा. हेझलवूडचे पहिले दोन चेंडू कोरे गेले. तिकडे विराट कोहलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘झालं की,’’ काका उठायला लागले. ‘‘चार छक्क्यांचे चोवीसच होतात.’’

‘‘अन् नो-बॉल पडला तं?’’ कंडक्टरनं त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

शशांक सिंगनं छक्का मारला. मग चौका. मग छक्का. गणित पक्कं होतं, पण कुणाचाच गणितावर विश्वास नव्हता. शेवटच्या चेंडूवरही त्यानं छक्काच मारला आणि पंजाब १८४ वर अडकलं. पोट्ट्यानं मोबाइल वर धरून किंकाळी ठोकली. कंडक्टरनं घंटी वाजवली, ड्रायव्हरनं थांबलेल्या गाडीचा हॉर्न.

काका गर्दी फोडत दाराशी पोचले. खाली एक हमाल पायरीवर पाय ठेवून उभा होता.

‘‘जितलं कोन, काका?’’

‘‘अमरावती. सहा रनानं,’’ काका म्हणाले. ‘‘अन् आता सरक बाप्पा बाजूले, मले जाऊ दे.’’