आग्नेयेचे रायडर

नेरूळच्या बऱ्याच सोसायट्यांत एखादे तरी ‘टूरवाले काका’ सापडतातच. वय पन्नाशीच्या पुढे, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा नोकरीला लागलेला आणि पार्किंगमध्ये टूरिंगची मोटरसायकल. तिला क्रॅश गार्ड, पॅनियर, टॉपबॉक्स, जादा दिवे, दोन मोबाइल होल्डर. लडाखला जायचं नक्की आहे. साल तेवढं ठरायचंय.

तोवर रविवारी पहाटे पाम बीच रोडवर चक्कर आणि पळस्पे फाट्यावर नाश्ता. पुण्याच्या द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तर तिथेही बंदी. काकांनी हे फार मनाला लावून घेतलंय.

न्यू जर्सीच्या भाच्याने एकदा सांगितलं, की तिकडे गोल्डविंगवर लोक सॅटेलाइट रेडिओ ऐकत हिंडतात. झालं! काकांनी माळ्यावरून जुना वर्ल्डस्पेसचा रिसीव्हर काढला.

वर्ल्डस्पेस ज्यांना आठवतो त्यांचे डोळे अजून पाणावतात. मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ उपग्रह गेला आणि पुढे घराघरांत ‘गंधर्व’वर शास्त्रीय संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी वाजू लागली, जाहिरातीला ए. आर. रेहमान! ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद पडली. काकांनी मात्र रिसीव्हर भंगारात दिला नाही. त्यांच्या मते कंपन्या बुडतात, उपग्रह वरच असतो.

“काका, अँटेना कुठे बसवू?” मेकॅनिकने विचारलं.

“टॉपबॉक्सच्या झाकणावर. तोंड आग्नेयेला.”

यात शास्त्र होतं. एशियास्टारची जागा विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर. नवी मुंबईतून अँटेना साधारण आग्नेयेला वळवून आकाशात निम्म्यावर रोखावी लागे आणि मध्ये भिंत किंवा झाड चालत नसे. अमेरिकेत शहरांमधल्या मनोऱ्यांवरून तेच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित होतात, म्हणून उंच इमारतींच्या आडोशालाही गाणं तुटत नाही. आपल्याकडे रिसीव्हर खिडकीत ठेवून घरी बसायचं, एवढीच सोय होती. आता नेरूळहून खोपोली नेमकी आग्नेयेलाच येते. म्हणजे सेवा चालू असती, तर काकांना खोपोलीपर्यंत जाताना बागेश्री ऐकू आला असता आणि परतताना नुसती हवा. घाटातल्या वळणांवर काय झालं असतं, ते गंधर्वांनाच ठाऊक.

“अहो, पण ते स्टेशनच बंद आहे ना?” काकू गॅलरीतून म्हणाल्या. काकांनी फ्यूज तपासायला घेतला.

वायर इग्निशनच्या स्विचमधून घ्यायचं सोडून थेट बॅटरीला जोडली गेली, त्यामुळे सोमवारी गाडी सुरू होईना. रिसीव्हर पुन्हा माळ्यावर गेला. हल्ली काका हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर मोबाइलची गाणी ऐकतात आणि त्यालाच सॅटेलाइट रेडिओ म्हणतात. नकाशा उपग्रहावरून येतो, मग गाणी का नाही, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे. टॉपबॉक्सच्या झाकणाला पाडलेली चार भोकं तशीच आहेत. पावसाळ्यात पाणी आत जातं आणि काकांचा रेनकोट अंगात घालायच्या आधीच भिजलेला असतो.