बत्तीस क्लिक

क्लिकरावांची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते आणि बऱ्याच वेळाने आत येते. मधला वेळ सोसायटीच्या फाटकातल्या रबरी स्पीडब्रेकरवर जातो. गाडी थांबते. बायको आणि मुलगी निमूट खाली उतरतात. मुलगी हल्ली दप्तरही सोबत घेते, कारण दप्तरालाही वजन असतं हे तिला तिसरीतच कळून चुकलंय. मग क्लिकराव खिडकीतून अर्धे बाहेर येतात, गाडी तिरकी घालतात आणि एकेक चाक वर चढवतात. वॉचमन वाकून बघतो आणि हात हलवतो, "येऊ द्या, येऊ द्या... थांबा!" मागे अडकलेला रिक्षावाला काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटिमीटर उंच असला, तर ताशी २५ किलोमीटरने सुखात ओलांडता येतो. क्लिकरावांना ही मापं तोंडपाठ आहेत. ज्यांना असायला हवीत त्या कंत्राटदारांना नाहीत, आणि या विषयावर क्लिकराव कोथरूड ते हिंजवडी न थांबता बोलू शकतात.

गाडी पोलो आहे. चाकणची, म्हणजे तशी घरचीच. २०२२ साली ती इथे बनायची थांबली, तेव्हापासून क्लिकरावांची तिच्यावरची माया वाढली आणि तिच्यावरचा खर्चही. टायर झाले, एक्झॉस्ट झाला, मग लाख-दीड लाखाचे कॉइलओव्हर आले, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे शॉक-स्प्रिंग. त्यांच्यावर नॉब असतो. तो फिरवला की क्लिक होतं, आणि असे क्लिक बत्तीस. "आठवर ऑफिस, चोविसावर ट्रॅक. एकच गाडी, दोन जन्म!" हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये प्रत्येकाला ऐकवलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही. आजी "हो का, छान" म्हणाल्या आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरल्या.

आता यातली गोम अशी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आत तेल असतं आणि तेलाच्या वाटेत एक सुई असते. नॉब फिरवला की सुई सरकते, वाट अरुंद होते आणि गाडीची उसळी लवकर विरते. बस, एवढंच. स्प्रिंग आहे तीच राहते. पाच किलोची स्प्रिंग म्हणजे पाच किलो वजनाला एक मिलिमीटर दबणारी. नॉब कितीही सैल केला तरी ती तीन किलोची होत नाही. गाडी मुळात कडक की मऊ, हे बव्हंशी स्प्रिंग विकत घेतानाच ठरून गेलेलं असतं. क्लिकराव स्प्रिंग घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कर्वे रस्ता नव्हता. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट होतं, ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या गाड्या धावल्या. तिथे पेव्हर ब्लॉक नाहीत.

रात्री जेवणं झाली की क्लिकराव पार्किंगमध्ये उतरतात. पुढचे दोन नॉब सोपे, बॉनेट उघडलं की हाताशी येतात. मागच्यांसाठी गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, चाकाच्या कमानीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. आधी नॉब पूर्ण सैल करायचा आणि मग आवळत क्लिक मोजायचे. अकरा, बारा... इतक्यात कोणीतरी विचारतं, "काय, पंक्चर का?" आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे चार चाकांचं प्रकरण रोज कोण करणार? त्यामुळे दोन महिन्यांत नॉब कुठेतरी सोळाच्या आसपास स्थिरावतो आणि तिथेच राहतो. ऑफिसला कडक, ट्रॅकला मऊ.

उंचीचं वेगळंच. टायर आणि पत्रा यांच्यात बोटं घालून मोजायची, आणि क्लिकरावांना दोन बोटं हवी होती. या बनावटीच्या गाड्यांचा पुढचा सांगाडा असा असतो की गाडी प्रमाणाबाहेर खाली घेतली तर तिचं रोल सेंटर, म्हणजे ज्याभोवती गाडी कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, आणि वळणावर गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते. मग ते थोपवायला आणखी कडक स्प्रिंग. शिवाय दबायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात शॉक शेवटच्या रबरावर, बंपस्टॉपवर, आदळतो. उंची बदलली की टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन हलतात. अलाइनमेंटवाला पोरगा आता क्लिकरावांना पाहिलं की विचारतो, "साहेब, परत?" पहिल्या पावसाळ्यात चिखल आणि गंज उंचीच्या आट्यांत असा काही बसला, की पाना लावून दोघं लोंबकळले तरी रिंग हलली नाही. अ‍ॅडजस्टेबल सस्पेन्शन त्या दिवशी कायमचं झालं.

तरी ट्रॅक डेला जायचंच होतं. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेची एक फेरी साधारण दोन किलोमीटरची. तिथे पोहोचायला पुण्याहून बाराशे किलोमीटर, आणि ते त्याच स्प्रिंगांवर. बेंगळुरू येईपर्यंत क्लिकरावांचा आवाज कापायला लागला होता म्हणे. पण ट्रॅकवर पहिल्या वळणाला गाडी जेव्हा सफाईने वळली, तेव्हा त्यांचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबांसारखा फुलला होता, असं सोबत गेलेला मित्र सांगतो. तो आनंद खोटा नव्हता. थोड्या वेळाने मूळ सस्पेन्शनवरची एक स्विफ्ट त्यांना आतून ओलांडून गेली. तिने फक्त चांगले टायर, ब्रेकपॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घातलं होतं. प्रशिक्षकाने क्लिकरावांना सांगितलं, "ब्रेक सरळ रेषेत मारा आणि नजर पुढच्या वळणावर ठेवा." यासाठी नॉब नसतो, म्हणून ती सूचना त्यांना फारशी आवडली नाही.

परतल्यावर घरच्यांसाठी मऊ सेटिंग करायचं होतं. आठवर. पण आठ कुठून? काही कंपन्या कडक टोकाकडून मोजतात, काही मऊ टोकाकडून. क्लिकरावांनी चुकीच्या टोकाकडून मोजले. दुसऱ्या दिवशी सांगलीहून आलेल्या सासूबाई स्वारगेटला गाडीत बसल्या, मांडीवर कटाच्या आमटीचा डबा. नळस्टॉपला डबा अर्धा झाला होता. राहिलेला अर्धा कुठे होता, ते सांगायची गरज नव्हती.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "ही गाडी मुळात अशीच होती, की तुम्ही काही केलंय?"

बायकोने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खड्डा आला.

माझं मत विचाराल तर एकाच गाडीने ऑफिस आणि ट्रॅक दोन्ही करायचं असेल, तर आधी टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल बदला. कॉइलओव्हर घ्यायचेच असतील तर स्प्रिंग रोजच्या रस्त्याला झेपेल अशी घ्या, उंची दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका आणि नॉब वरून हाताला येतो का ते दुकानातच बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२सुद्धा एकदा वाचा. मूळ गाडीत काय बदलता येतं हे त्यात सांगितलेलं आहे, आणि विमा कंपनी ते नेमकं नको त्या दिवशी वाचते.

क्लिकराव आता पोलो विकायच्या विचारात आहेत. मुलीला गाडी लागायला लागली आहे. तुम्ही बघायला गेलात तर दोन गोष्टी करा. टायरची आतली कड हाताने चाचपा, तिथे सगळा इतिहास झिजलेला असतो. आणि कंपनीचे मूळ शॉक मागून घ्या. ते त्यांच्याकडे माळ्यावर आहेत, गणपतीच्या मखराच्या मागे.