आधी जाहिरात, मागून शुद्धिपत्रक

राजस्थान उच्च न्यायालयाला 2009 मध्ये 13 अनुवादक हवे होते. परीक्षेला 21 जण बसले. पेपर झाल्यावर वरून ठरलं, 75 टक्क्यांच्या खाली कोणाला घ्यायचं नाही. तिघेच उरले. जाहिरातीत ही अट नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यावर 7 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट निकाल दिला: भरती जाहिरातीपासून सुरू होते, जागा भरल्या की संपते आणि मधेच निकष बदलता येत नाहीत.

म्हणजे उत्तराला पंधरा वर्षं लागली. एवढ्या काळात उमेदवाराची वयोमर्यादा निघून जाते.

निकालात एक फट आहे, ती नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांतल्या मुलांनी नीट वाचावी. मूळ नियमात किंवा जाहिरातीतच मुभा ठेवली असेल, तर बदल चालतो. तो मनमानी नसावा, इतकंच. आता आपल्या जाहिराती काढून बघा. पदसंख्येत आणि आरक्षणात बदल होऊ शकतो, हे वाक्य त्यात हमखास असतं.

2024 च्या राज्यसेवेचंच घ्या. डिसेंबर 2023 मध्ये 274 पदांची जाहिरात निघाली. फेब्रुवारीत मराठा आरक्षणाचा कायदा आला, आरक्षण नव्याने लावावं लागलं, पदं 524 झाली. जागा वाढल्या, हे चांगलंच झालं. कायदा लागू करणंही भागच होतं. पण 28 एप्रिलची पूर्वपरीक्षा पुढे पुढे ढकलत 1 डिसेंबरला झाली. ऑगस्टमध्ये ठरलेल्या पूर्वपरीक्षेच्याच दिवशी बँकेची परीक्षा आली आणि कृषी सेवेच्या जागांचा प्रश्न पेटला, तेव्हा मुलांना पुण्यात रस्त्यावर बसावं लागलं. या सात महिन्यांचं खोलीभाडं आणि खानावळीचे पैसे किनवटच्या, देगलूरच्या, औशाच्या घरांतून गेले. लोकसेवा आयोगाने त्यातला एक रुपयाही दिला नाही.

दाद मागायची तर छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. वकील, तारखा, एसटीचं भाडं. सोयाबीनला भाव नाही त्या वर्षी हे कोणत्या बापाला परवडतं?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक टप्प्याचे किमान गुण जाहिरातीतच छापा. पहिला पेपर झाल्यावर काही बदलायचं असेल, तर ते पुढच्या जाहिरातीपासून लागू करा. आणि सरकारच्या निर्णयामुळे परीक्षा लांबली, तर तेवढे महिने वयोमर्यादेत आपोआप वाढवून द्या; त्यासाठी मुलांना मंत्र्यांच्या दारात निवेदनं घेऊन उभं करू नका.